नदीत रात्री पाणी सोडतात, आपण तक्रार करतो, तरी कारवाई का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातल्या एका नदीकाठच्या गावाजवळ कारखान्याच्या बाजूने येणाऱ्या ओढ्यातून रात्री दोन-अडीचच्या सुमारास गडद तपकिरी पाणी नदीत येतं. सकाळी बंधाऱ्यापाशी फेस असतो, वास असतो, कधी मेलेले मासे. सात महिन्यांत तीन तक्रारी झाल्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी एकदाच आले, तेही तिसऱ्या दिवशी दुपारी. नमुना 'मर्यादेत' आला आणि तक्रार निकाली निघाली. ग्रामस्थ विचारतात, नियम फक्त कागदावरच आहेत का, आणि आता करायचं काय?

मी पर्यावरण अभियंता आहे. पहिली नऊ वर्षं कारखान्यांच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर) काढली. पुढची चौदा वर्षं नदीकाठच्या गावांबरोबर नमुने घेण्यात, माहितीचे अर्ज करण्यात आणि हरित न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढण्यात गेली. दोन्ही बाजू पाहिल्यामुळे सांगतो, कायदा दुबळा नाही. रात्री अडीचला आलेलं पाणी आणि तिसऱ्या दिवशी दुपारी भरलेली बाटली यांच्यात जे साठ तास गेले, त्यात तो निसटला. तुम्हाला काम करायचं आहे ते याच साठ तासांवर.

आधी तो 'मर्यादेत' शब्द तपासा. कुठली मर्यादा? नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी पर्यावरण (संरक्षण) नियमांतली सर्वसाधारण मर्यादा बीओडी (घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो प्राणवायू) लिटरला ३० मिलिग्रॅम आणि सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) २५० अशी आहे. नदी आंघोळीला योग्य म्हणायची तर तिच्या पाण्यात बीओडी ३ पेक्षा जास्त नको आणि विरघळलेला प्राणवायू ५ पेक्षा कमी नको. पहिली मर्यादा पाइपाची, दुसरी नदीची. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा हा फरक झाकला जातो. एप्रिल-मे महिन्यात नदीत जेवढं पाणी आहे तेवढंच सांडपाणी येऊन मिळालं, तर ३० चं अगदी कायदेशीर पाणीसुद्धा नदीला १५ वर नेऊन ठेवतं. म्हणून अहवालाची प्रत मागा आणि नमुना कुठून, किती वाजता घेतला आणि कशाशी ताडून पाहिला ते वाचा. मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रात रोज किती घनमीटर पाणी सोडायची परवानगी आहे, तेही बघा. बहुतेक जण फक्त तीव्रतेवर भांडतात आणि प्रमाणाकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

तपकिरी रंग आणि सडक्या गुळासारखा वास असेल, तर मळीपासून मद्यार्क बनवताना उरणाऱ्या स्पेंटवॉशचा संशय येतो. प्रक्रिया न केलेल्या स्पेंटवॉशचा बीओडी लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या घरात असतो. हिशोब करून बघा: १०,००० लिटरचा एक टँकर म्हणजे ४०० किलो बीओडी. तो ३ च्या मर्यादेत आणायला सुमारे १३ कोटी लिटर स्वच्छ पाणी लागेल. उन्हाळ्यात तुमच्या बंधाऱ्यात तेवढं साठतं का, ते पाटबंधारे खात्याला विचारा. एक टँकर, वीस मिनिटं, आणि खालच्या चार गावांचा पंधरवडा वाया.

आता अधिकाऱ्याची अडचण, कारण ती समजल्याशिवाय त्याच्याकडून काम करून घेता येणार नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ च्या कलम २१ खाली कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तर आधी जागेवर नोटीस द्यावी लागते. नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्या सीलबंद करायच्या, त्यांवर अधिकाऱ्याची आणि कारखान्याच्या माणसाची सही घ्यायची. ही पद्धत चुकली तर तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. एका अधिकाऱ्याकडे शेकडो उद्योग, गाडी एक, प्रयोगशाळा दुसऱ्या जिल्ह्यात. म्हणून पुष्कळदा साधा पाहणी नमुना घेतला जातो, तो पत्रव्यवहारापुरताच उपयोगी पडतो. पण 'मालक जागेवर नव्हता' हे कारण ऐकून घेऊ नका. नोटीस मिळूनही मालक मुद्दाम गैरहजर राहिला, तरी अधिकाऱ्याने एकट्याच्या सहीने नमुना सीलबंद करायची सोय त्याच कलमात आहे. शिवाय ही कडक पद्धत सांडपाण्याच्या नमुन्यासाठी आहे. नदीतलं किंवा विहिरीतलं पाणी घ्यायला कारखान्याच्या सहीची गरज नाही.

ईटीपीवर असताना मी एक गोष्ट पाहिली, ती आजही मनातून जात नाही. पाहणीला कोणी येणार अशी कुणकुण लागली की हवा देणारे ब्लोअर दोन दिवस आधी सुरू व्हायचे आणि शेवटच्या टाकीत विंधन विहिरीचं पाणी मिसळलं जायचं. बाटलीत यायचं ते अगदी स्वच्छ पाणी. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि गप्प बसलो. खाली कुठली गावं ते पाणी पितात, हे मला माहीत होतं. म्हणून सांगतो, पाण्याच्या एका नमुन्यावर भरवसा ठेवू नका. ज्या नोंदी दोन दिवसांत बदलता येत नाहीत, त्या मागा.

प्रक्रिया केंद्र खरोखर चाललं तर ते वीज खातं आणि गाळ टाकतं. संमतीपत्रात ईटीपीसाठी स्वतंत्र वीजमीटरची अट बहुधा असते. माहितीच्या अधिकारात मंडळाकडे बारा महिन्यांचं मीटर वाचन, दैनंदिन लॉगबुक आणि गाळ कुठे, किती पाठवला याच्या नोंदी मागा. पाणी रोज तितकंच येतं असं दाखवलंय आणि विजेची युनिटं मात्र तीन महिने निम्म्यावर आहेत, तर ब्लोअर बंद होते. पाणी शुद्ध झालं म्हणतात आणि गाळ वर्षभरात एक ट्रॉलीसुद्धा निघाला नाही, तर घाण गेली कुठे? धोकादायक गाळ असेल तर २०१६ च्या नियमांनुसार त्याच्या प्रत्येक खेपेचं मॅनिफेस्ट (वाहतुकीचं नोंदपत्र) असावं लागतं. एका प्रकरणात पाण्याचे अकरा अहवाल 'मर्यादेत' होते. कारखान्याला निरुत्तर केलं ते वीजबिलांनी.

माहिती अधिकाराआधीही एक दार आहे, ते फार कमी लोक ठोठावतात. जल अधिनियमाच्या कलम २५(६) प्रमाणे मंडळाला संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते. ज्याला त्या सांडपाण्याची झळ बसते त्याला ती पाहण्याचा हक्क आहे. उपप्रादेशिक कार्यालयात जा, कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मोठ्या प्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये ऑनलाइन मोजणी यंत्रं बसवायला सांगितलं आहे. तुमचा कारखाना त्यात बसत असेल तर घटनेच्या रात्रीचा डेटा तारीख-वेळ घालून मागा. त्या रात्री नेमकं यंत्र 'बंद' होतं असं उत्तर आलं, तर तेही जपून ठेवा.

आता रात्रीचं काम. पाणी आलं की दोन माणसांनी जायचं, एकट्याने कधीच नाही, आणि कारखान्याच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. तीन ठिकाणं ठरवून ठेवा: ओढा मिळतो त्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या तोंडाशी, आणि खालच्या अंगाला पाणी नीट मिसळलेलं असेल तिथे. वरच्या अंगाचा नमुना नसेल तर उरलेल्या दोघांना काही किंमत नाही, कारण 'नदी वरूनच घाण येते' हा पहिला बचाव असतो. स्थाननोंद आणि वेळ उमटणाऱ्या ॲपने फोटो घ्या. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोची मूळ माहिती निघून जाते. पुढे न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग ज्याचा फोन आहे त्याने द्यायचा असतो, दुसरा तज्ज्ञाने.

बीओडीचा नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवा. विरघळलेला प्राणवायू मात्र तिथल्या तिथेच बांधावा लागतो, आणि गावाला सगळ्यात लवकर समजणारी परीक्षा हीच आहे. एका गावात मे महिन्यात पहाटे साडेचारला आम्ही ती केली. शाळेचे विज्ञानाचे सर, दोन भोई आणि मी. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली, पाण्याखालीच तिरकी धरून भरलेली, आत बुडबुडा राहता कामा नये. त्यात मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली आयोडाइड-अझाइड. हे द्रावण विषारी आणि कातडी जाळणारं असतं, हातमोजे घालूनच हाताळायचं. वरच्या अंगाच्या बाटलीत चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी साका बसला, म्हणजे प्राणवायू होता. खालच्या अंगाच्या बाटलीत साका आला तो चुन्यासारखा पांढराशुभ्र. पांढरा म्हणजे पाण्यात प्राणवायू नाहीच. दोघांपैकी वयस्कर भोई बराच वेळ बॅटरीच्या उजेडात ती बाटली फिरवत राहिले, मग म्हणाले, "म्हंजे मासं बुडून मेलं म्हणा की." मला त्याहून अचूक वर्णन आजवर सुचलेलं नाही.

वेळ पहाटेचीच का, तर रात्रभर शेवाळ प्राणवायू वापरतं, बनवत नाही, त्यामुळे सूर्योदयाआधी तो सगळ्यात कमी असतो. दुपारी दोनला तेच पाणी बरं दिसतं. पाहणी दुपारी झाली तर ही गोष्ट लेखी नोंदवा.

सकाळी तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, आणि पोलीस पाटलांना बोलावून पंचनामा करून घ्या: रंग, वास, फेसाची लांबी, मेलेल्या माशांची जात आणि अंदाजे संख्या, पंचांच्या सह्या. काही ताजे मेलेले मासे बर्फात ठेवून मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा. सडलेल्या माशातून काही निघत नाही.

कारखाना म्हणणार, हे पाणी नगरपालिकेचं. कधीकधी ते खरंही असतं, त्यामुळे आधी स्वतः खात्री करा. घरगुती सांडपाण्यात सीओडी साधारण बीओडीच्या दुप्पट असतो. हे प्रमाण चार-पाच पटीवर गेलं तर उद्योगाचं पाणी मिसळल्याचा संशय घ्यायला जागा आहे. रंगाईच्या कामात मीठ भरपूर वापरतात, त्यामुळे त्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) हजारांत जातो. गावाच्या गटारात तो नळाच्या पाण्याहून थोडासाच जास्त असतो. खिशात मावणाऱ्या टीडीएस मीटरने ओढ्याच्या तोंडाशी महिनाभर रोज ठरावीक वेळेला नोंद घेतली, तर कुठल्या वारी उडी येते ते दिसतं. आणि उलट, मलजन्य कोलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू) प्रचंड असतील तर शहराचा मैला आहे हे मान्य करा. स्पेंटवॉशच्या बाबतीत मात्र सीओडी-बीओडीचं वरचं प्रमाण उपयोगी नाही. तिथे रंग आणि पोटॅशियमचं जास्त प्रमाण बोलतं.

शहरांचा वाटा लहान नाही. केंद्रीय मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीत महाराष्ट्रात रोज सुमारे ९,१०७ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होतं आणि प्रक्रियेची उभारलेली क्षमता सुमारे ६,८९० दशलक्ष लिटर होती. उभारलेली म्हणजे चालणारी नव्हे. त्याच केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे मोजले आहेत, त्यांतले ५५ महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. कारखान्याची वीज तोडता येते, नगरपालिका बंद करता येत नाही. अंमलबजावणी खरी थकते ती इथे. नगरपालिकेच्या विरोधात नोटिसा निघत राहतात आणि दंड भरला तरी तो करदात्यांच्याच पैशातून जातो. तिथे मी एसटीपीच्या (मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या) वीजबिलांवर आणि अंदाजपत्रकातल्या तरतुदीवर बोट ठेवतो, आणि मुख्याधिकाऱ्यांना नावाने पत्र लिहितो. जल अधिनियमाच्या कलम ४७ मध्ये संस्थेचा कारभार पाहणाऱ्या माणसाची जबाबदारी लिहिलेली आहे, हे त्यांना आठवून द्यावं लागतं.

तक्रार कशी लिहायची? एका घटनेची एक तक्रार. 'अनेक वर्षांपासून प्रदूषण होत आहे, योग्य ती कारवाई व्हावी' हे वाक्य काढून टाका. त्यावर 'योग्य ती कारवाई केली' असं उत्तर देता येतं. तारीख, वेळ, जागा, तीन ठिकाणची निरीक्षणं लिहा. मग नेमकं मागा: कलम २१ खाली कायदेशीर नमुना घ्यावा, पाहणीची तारीख तक्रारदाराला कळवावी, अहवालाची प्रत द्यावी, आणि कलम ३३अ खाली कोणते निर्देश दिले ते लेखी कळवावं. या ३३अ मध्ये उद्योग बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा अधिकार मंडळाला आहे. आवक क्रमांक असलेली पोच घ्या. मंडळाने आधी कारखान्याकडून बँक हमी घेतली असेल, तर ती जप्त केली का, हे विचारा. या एका प्रश्नाला उत्तर देताना कार्यालयांची फार पंचाईत होते.

पोच एवढी महत्त्वाची का, ते पैशांच्या भाषेत बघा. केंद्रीय मंडळाच्या सूत्रानुसार उद्योगाकडून पर्यावरण भरपाई ठरते ती पाच आकड्यांच्या गुणाकाराने. प्रदूषण निर्देशांक (सर्वाधिक प्रदूषणकारी अशा लाल वर्गाला ८०), उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा घटक (सुचवलेला २५०), उद्योगाचा आकार (मध्यम असेल तर १) आणि परिसराच्या लोकसंख्येचा घटक (दहा लाखांच्या आत १). म्हणजे लाल वर्गातल्या मध्यम उद्योगाला दिवसाला २०,००० रुपये. यांतले चार आकडे जवळजवळ ठरलेले आहेत. हलतो तो फक्त दिवसांचा. उल्लंघन दोन दिवसांचं धरलं तर ४०,००० रुपये, हा ईटीपी बंद ठेवून वाचलेल्या विजेपुढे किरकोळ खर्च. २०० दिवस धरले तर ४० लाख. हे दिवस मोजायला सुरुवात होते ती उल्लंघन नोंदलं गेल्यापासून, गावाला वास आला त्या रात्रीपासून नव्हे. तुमची तारखेची वही, पंचनामे आणि पोचा यांवर तो आकडा उभा राहतो. अशी भरपाई कलम ३३अ खाली मंडळं स्वतः लावू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे, मात्र त्याची पद्धत आधी नियमांत ठरलेली हवी, असंही म्हटलं आहे. 'आम्हाला अधिकार नाही' हे उत्तर आता चालणार नाही.

न्यायालयात जायचं तर मुदतीकडे डोळे उघडे ठेवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम २०१० च्या कलम १४ खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात. तुम्ही सात महिने लिहिलंय, म्हणजे त्या ६० दिवसांपैकी निम्मे गेले. गावोगावी हेच होतं. लोक भाबडेपणाने स्मरणपत्रं पाठवत राहतात आणि मुदत निघून जाते. भरपाई आणि नदी पूर्ववत करण्याची मागणी कलम १५ खाली येते, तिला पाच वर्षं आहेत. तुमचा अर्ज वकिलाकडून दोन्ही कलमांखाली तपासून घ्या, आणि या महिन्यातच. न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये आहे आणि स्वतः उभं राहून बाजू मांडता येते. वादी म्हणून ग्रामपंचायतीने ठराव करून उतरावं, असा माझा आग्रह असतो. एकट्या माणसावर दबाव आणणं सोपं जातं.

फौजदारी मार्गही आहे. जल अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन कोणताही नागरिक प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतो, आणि अशी तक्रार झाली की मंडळाकडचे संबंधित अहवाल मागता येतात. याच अधिनियमाच्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने पुष्कळ गुन्ह्यांची कैद काढून १०,००० ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. ती सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली, इतर राज्यांत विधिमंडळाच्या ठरावाने लागू होते. नोटीस पाठवण्याआधी वकिलाकडून त्या दिवशीची स्थिती पाहून घ्या. माझ्या अनुभवात नोटिसीचाच परिणाम खटल्यापेक्षा मोठा होतो: ६० दिवसांत मंडळाला फाइल उघडून काय केलं ते लिहावं लागतं.

शेवटी तुमच्या पत्रातली ती ओळ, की गावातली चाळीस पोरं त्याच कारखान्यात कामाला आहेत आणि त्यामुळे ग्रामसभेत कोणी बोलत नाही. यावर कायद्यात उत्तर नाही. मी एवढंच केलेलं आहे की पहिल्या ठरावात कारखाना बंद करायची मागणी ठेवायची नाही. मागणी ठेवायची ती अशी: ईटीपीचं मीटर वाचन दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, आणि ओढ्याच्या तोंडाशी दर आठवड्याला दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर नमुना घ्या. ज्यांची पोरं कामाला आहेत ते आईबापही याला हात वर करतात, कारण त्यांच्याच विहिरी त्या ओढ्यालगत आहेत. कारखान्याने नकार दिला तर तो नकार लेखी घ्या आणि न्यायाधिकरणाच्या अर्जाला पहिलं परिशिष्ट म्हणून जोडा.